पाठीमागचा चेहरा

२४ मार्च

धुरपताबाईला आज सकाळी वाघानं मारलं. नाल्याजवळच्या मोहाखाली, फुलं वेचताना. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. ती आणि आई रोज सोबत जायच्या. आज आईच्या अंगात ताप होता म्हणून आई गेली नाही.

मला दुकानात कळलं. सडक अर्जुनीच्या या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन आणि छपाई दोन्ही बघते. नागपूरहून केलेल्या मुद्रण पदविकेचा आतापर्यंत एवढाच उपयोग झाला आहे. मालक इंद्रकुमारभैया मोबाइल पालथा ठेवून म्हणाले, "गुंजन, तुम्हारे गाँव का वीडियो घूम रहा है. मत देखना." मी बघितला नाही.

दुपारी तिच्या मुलाचा, दुर्गेशचा फोन आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. त्यानं पाठवलेला फोटो कुठल्यातरी लग्नातला, गर्दीतून कापलेला, अगदी लहान. तो मोठा करत गेले तसा चेहरा सुटत गेला. आधी ओठ गेले, मग नाक. शेवटी नुसते चौकोन राहिले, विटकरी, तपकिरी, करडे. मी मागे येऊन चेहरा परत आणला, खात्री करायला. मग मजकूर टाकला, तारखा तपासल्या, छापून शाई वाळेपर्यंत थांबले.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर फाट्यापासून गावापर्यंत एकटीनं चालायचं होतं. अर्धी वाट पळत आले.

२६ मार्च

निबंधाला बसले. नागपूरच्या एका कला महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आहे. अर्जासोबत निबंध मागितला आहे: उत्तर-दृक्प्रत्ययवादी, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, दोन चित्रकारांच्या शैलींची तुलना. पंधरा एप्रिलपर्यंत पोचायला हवा. बहुतेक जण व्हॅन गॉग घेतील. मी जॉर्ज सरा आणि पॉल गोगँ घेतले.

सरा मला कामामुळे जवळचा वाटतो. तो रंग एकमेकांत कालवत नाही. शुद्ध रंगाचे ठिपके शेजारीशेजारी ठेवतो आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो. आमचं छपाईयंत्र हेच करतं, फक्त चार शायांमध्ये. दुरून त्याचे विरोधी रंग एकमेकांना खातात आणि करडेपणा उरतो, असा एक आक्षेप वाचला, टिपून ठेवला. गोगँचं उलट. मोठे सपाट रंग, भोवती जाड गडद रेघ, आणि समोरचं हुबेहूब काढण्यापेक्षा आठवणीतून काढावं असा आग्रह. मला तो बेशिस्त वाटतो. हे निबंधात लिहायचं नाही.

बाहेर कुत्री भुंकत होती. मग एकदम सगळी थांबली. भुंकण्यापेक्षा थांबणं वाईट. मी उठून कडी बघितली, परत येऊन बसले, पुन्हा उठले.

"एकडाव पाहिली ना वं?" आई अंथरुणातून म्हणाली.

मी घाबरले नव्हते, असं इथं लिहिलं होतं. खोडलं.

२८ मार्च

आईचा ताप उतरला आणि उजाडायच्या आत ती टोपली घेऊन दारात उभी.

"आई, कायले जाऊन राहिली तू?"

"मोहा पडून राहिला म्हनून."

"तिथी वाघ आहे."

"सकाऊन सकाऊन नाव नको घेऊ त्याचं."

"मंग काय म्हनू?"

"काईच नको म्हनू. भात उतरव चुलीवरचा."

बाबा उन्हाळी धानाला पाणी द्यायला शेतावर होते, नाहीतर त्यांनी अडवलं असतं, असं मी समजते. नक्की सांगता येत नाही. जंगलात आमच्या वाट्याची तीन मोहाची झाडं आहेत. कोणाचं झाड कोणतं हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. एक हंगाम झाडाखाली कोणी दिसलं नाही, तर पुढल्या हंगामात दुसरा येऊन जागा झाडून घेतो आणि कोणी काही बोलत नाही.

दुपारी वनरक्षक टिकारामभाऊ गावात आले. चौकात बायकांना समोर बसवून सांगितलं: एकटीनं जायचं नाही, चांगलं उजाडल्याशिवाय जायचं नाही, तोंड बंद ठेवायचं नाही. "बोलत राहा, भांडत राहा. मानसाचा आवाज आला का तो बाजूनं निघून जाते. चुपचाप वाकून बसलेला मानूस त्याले जनावर वाटते." मग म्हणाले, बंगालकडे खाडीतले लोक डोक्यामागे माणसाच्या तोंडाचा मुखवटा लावतात. तो मागून येतो. समोर तोंड दिसलं की बिचकतो म्हणतात. काही दिवसांनी ते तोंड खोटं आहे हे त्याला कळतंही म्हणतात.

शेवटचं वाक्य बहुतेकांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

आई जंगलात बोलत नाही. लहानपणी मला गप्प बसवायची. म्हणायची, बोलणाऱ्याला ऐकू येत नाही.

३० मार्च

दुकान बंद झाल्यावर मुखवटा केला. पुरुषाचा चेहरा घेतला, भरदार मिशा, समोर रोखलेली नजर. विनाइलवर छापला, सनबोर्डच्या हलक्या पाटीवर चिकटवून कापला, मागे इलॅस्टिक. चमकू नये म्हणून वर मॅट लॅमिनेशन. दुकानाच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीला लावून वेगवेगळ्या अंतरांवरून तपासला. जवळून ठिपके दिसतात, लांबून त्यांची कातडी होते. गालावरची सावली खरी वाटते. मला समाधान वाटलं. सराच्या पद्धतीचा इतका सरळ उपयोग कोणी केला नसेल.

इंद्रकुमारभैया म्हणाले, "शेर डरे ना डरे, मैं तो डर गया."

बारा केले.

२ एप्रिल

आज हापशीवर मुखवटे वाटले. बायका आधी हसल्या. शेजारची नीतूवहिनी मुखवटा हातात उलटसुलट करत म्हणाली, "हा कोनाचा नवरा वं, गुंजन?"

"कोनाचाच नाही. नेटवरचा आहे."

"बेवारस आहे म्हन. घेतो मंग मी. माह्या घरच्यापक्षा बरा. कमीत कमी मांगं तरी पाहाते."

"तुह्यावाल्याले दाखवू नको, नाईतं तो पयले मुखवट्यालेच हानन," दुसरी म्हणाली.

आईनं मुखवटा लावला, पदर त्यावरून घेतला. मी पदर काढला. तिनं पुन्हा घेतला. "परक्या मानसाचं तोंड उघडं घिऊन कशी फिरू गावातून? जंगलात गेल्यावर काढतो ना."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

४ एप्रिल

पहाटे आईच्या मागोमाग शेवटच्या बांधापर्यंत गेले. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या. बांधावर तिनं पदर खाली घेतला आणि चालू लागली. तिच्या डोक्यामागचा माणूस माझ्याकडे बघत मागेमागे जात होता. पळसांपाशी त्याच्या मिशा गेल्या. थोडं पुढे डोळे. त्यानंतर चेहऱ्याच्या जागी एक करडा गोल उरला, खोडावरच्या गाठीसारखा.

मी दिव्याच्या लख्ख उजेडात तपासलं होतं. ते पहाटेच्या उजेडात, धुकट हवेत जातात. तिथं माझे सगळे ठिपके एकमेकांत विरघळले आणि काहीच उरलं नाही. करडेपणाचा तो आक्षेप मी स्वतःच्या हातानं टिपला होता.

परत फिरले तेव्हा दोनदा मागे वळले. माझ्या मागे काही नव्हतं, मी बघितलं. तिच्या मागेही काही नव्हतं, मी दिलेला मुखवटा धरून.

दिवसभर दुकानात एका सत्कार समारंभाचा फ्लेक्स केला. त्यात तारीख चुकवली. पहिल्यांदाच.

६ एप्रिल

दुसरा मुखवटा. छापला नाही, हातानं रंगवला. सपाट पिवळा चेहरा, छटा नाहीत. काळी रेघ अंगठ्याएवढी जाड. पांढरे डोळे, मधे काळं बुबुळ, मोठं. लाल वापरला नाही. वाघाला लाल आणि हिरवा आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत असं वाचलं आहे, त्याला उजळ-गडद कळतं. नाक म्हणजे एक रेघ. कोणाचाच चेहरा नाही आणि चेहरा आहे याबद्दल संशयही नाही.

नीतूवहिनी म्हणाली, "हा तं बुजगावनं झाला. मले मिशावालाच दे." पण पहाटे बांधावरून बघितलं तेव्हा पळसांच्याही पलीकडे, जिथून वाट झाडीत शिरते, तिथपर्यंत ते दोन डोळे दिसत होते. मी गोगँबद्दल आधी लिहिलं ते चूक होतं. तो बेशिस्त नाही. त्याला वस्तू लांबूनही ओळखू यायला हवी आहे.

तरी आई परत येईपर्यंत मी घरातच थांबले. बस चुकली.

७ एप्रिल

आई आली. आज एवढंच.

९ एप्रिल

दुकानातलं मशीन दुरुस्तीला गेलं म्हणून सुट्टी. आईसोबत गेले.

आधी मला बरं वाटत होतं. बायका जोरात बोलत होत्या, टिकारामभाऊंनी सांगितल्याप्रमाणे. आपापल्या झाडांकडे त्या पांगल्या तसे आवाज लांब गेले. आमच्या झाडाखाली जमीन फुलांनी पिवळट झाली होती. आईनं पदर खोचला, मुखवटा सरळ केला आणि वेचायला बसली.

मुखवटा आभाळाकडे बघत होता.

ती उकिडवी बसून सरकत सरकत वेचते. डोकं खाली, नजर जमिनीवर. जाड रेघ, मोठे डोळे, पिवळा चेहरा, सगळं वर, फांद्यांकडे. जमिनीच्या पातळीवरून मागून येणाऱ्याला त्यातलं काही दिसणार नाही. त्याला एक पाठ दिसेल. चुपचाप वाकून बसलेलं काहीतरी.

याच झाडाखाली मी लहानपणी वेचत होते. मान दुखायची म्हणून रडत होते. आणि मुखवटा भिंतीवर उभा लावून तपासला.

मी तिला सांगितलं. "उपेगाचा नाई का मंग?" ती न बघता म्हणाली.

"वाकल्यावर नाही."

"राहू दे. तुले बरं वाटते ना मी घातल्यावर?"

मी म्हणाले, प्रश्न मला काय वाटतं हा नाही. तिनं मुखवटा पुन्हा सरळ केला.

आमची झाडं झाल्यावर ती घराकडे वळली नाही. नाल्याकडे निघाली.

"तिकडं कुठी?"

"धुरपतीचं झाड."

"आई, तिथीच तं—"

"मले माहीत नाई का? गोवर्धनभाऊचे पाय चालत नाईत, पोरगा नागपुरात. अवंदा झाडाखाली कोनी दिसलं नाई, तं पुढच्या साली झाड गेलं समज. थे गेली. झाडही जाऊ द्याचं?"

म्हणजे ताप उतरल्यापासून ती रोज तिथं जाते. तिथली फुलं वेगळ्या फडक्यात बांधते आणि धुरपताबाईच्या नवऱ्याच्या, गोवर्धनकाकांच्या अंगणात वाळत घालून मग घरी येते. मी म्हणाले, हे तर्काला धरून नाही. एका झाडासाठी.

"बरं," आई म्हणाली आणि वेचायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मले ताप नसता तं थे एकटी नसती."

नाल्याचा काठ दाट आहे. बांबू, घाणेरी, सुकलेला पाला. तिथं मला एकाही दिशेला पाठ करता येईना.

१० एप्रिल

मुखवटा पाठीवर बांधून बघितला. मोठा केला. उकिडवं बसल्यावर पाठ तिरकी होते, चेहरा लांबट दिसतो, पदर सरकला की झाकतो. कमरेवर बांधायचा पर्याय नीतूवहिनीनं सुचवला आणि कुठं, तेही हातानं दाखवलं. "तिथी तोंड पाहून तो हासत हासत पळन." बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, मग घरात जाऊन बसले, कारण हसू थांबत नव्हतं.

निष्कर्ष: चेहरा पुरत नाही. मागे जे बघणारं हवं ते उभं हवं, आणि त्याला मान वळवता यायला हवी.

भैयांना फोन केला, काही दिवस उशिरा येईन. कारण सांगितलं. ते म्हणाले, "दस बजे आना, ग्यारह बजे आना. पर आना."

बाबा जेवताना म्हणाले, "दोघी मायलेकी येड्या आहात." त्यांनी पाण्याची पाळी दुसऱ्याला देता येते का विचारलं. जमलं नाही. रात्री धान्याच्या कोठीमागून कुऱ्हाड काढून त्यांनी दाराशी ठेवली. मला कुऱ्हाड चालवता येत नाही. त्यांना माहीत आहे.

११ एप्रिल

पहिला दिवस. आई बसते, मी तिच्याकडे पाठ करून उभी राहते, इतकी जवळ की माझी पोटरी तिच्या पाठीला लागते. ती सरकली की मी सरकते. वेचायचं नाही, फक्त बघायचं.

बघणं अवघड आहे. सुरुवातीला जंगल दिसतं. मग प्रत्येक झुडपात काहीतरी बसलेलं दिसतं. मग डोळे थकतात आणि काहीच दिसत नाही, आणि हे सगळ्यात भयंकर, कारण त्या वेळीही मी उघड्या डोळ्यांनी तिथंच उभी असते. डोळे एका जागी ठेवायचे नाहीत, डावीकडून उजवीकडे न्यायचे, असा नियम केला. पाळता आला नाही. मधेच एक पान पडलं आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला.

"काय वं?"

"पान."

"हं."

संध्याकाळी निबंध. गोगँचं एक चित्र आहे: एक मुलगी पलंगावर पालथी पडली आहे, भीतीनं ताठ. तिच्या मागे, पायथ्याशी, काळ्या कपड्यात कोणीतरी बसलं आहे. मुलगी मागे बघत नाही, आपल्याकडे बघते. मी या चित्राबद्दल रंगांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, जांभळा आणि पिवळा. त्या बरोबर आहेत. ती मागे का बघत नाही, याबद्दल एकही नव्हती.

१३ एप्रिल

क्रमानं लिहिते.

आमची झाडं झाली. धुरपताबाईच्या झाडाखाली आलो. ऊन बांबूतून तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. आई बसली, मी तिला पाठ लावून नाल्याकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ नेहमीसारखाच गेला. सातभाईंचा थवा पाल्यात कलकलत होता, तो उडाला. आईच्या बोटांची खसखस थांबली, पुन्हा सुरू झाली.

मग ती बोलायला लागली. जंगलात कधी बोलत नाही ती.

"गुंजन, तुह्या निबंधात तो ठिपक्यावाला कोन होता वं?"

"सरा. आता काऊन?"

"सांग ना. मोठ्यानं सांग, मले आयकू नाई येऊन राहिलं."

तिला सगळं ऐकू येतं. मला राग आला. लक्ष विचलित होत होतं. तरी मी सुरू केलं, कारण ती पुन्हा म्हणाली, "सांग."

"तो रंग मिसळत नाही," मी म्हणाले. "निळा वेगळा, पिवळा वेगळा ठेवतो. जवळून बघितलं तर नुसते ठिपके. लांब गेलं की आपला डोळा त्यांचं काहीतरी करतो."

"काय करते?"

तेव्हा मी घाणेरीच्या वरच्या बांबूंकडे बघत होते. तिथं पिवळे ठिपके होते, उन्हाचे. काळे होते, सावलीचे. थोडे पांढरे. त्यातल्या एका काळ्या ठिपक्याला कड आली. कड वर गेली, वळली, खाली आली, आणि तो कान झाला. त्यानंतर सगळं एकदम जागेवर बसलं.

तो माझ्याकडे बघत होता.

"काय करते वं?" आई म्हणाली. आवाज मोठा, जवळजवळ भांडल्यासारखा.

"वस्तू करतो," मी म्हणाले. माझा आवाज कुठून येत होता कळत नव्हतं. "झाड करतो. माणूस करतो."

"मंग?"

"मग त्याच्या चित्रात सगळं थांबलेलं असतं. कोणी हलत नाही. नदीकाठी खूप माणसं आहेत, सगळी आपापल्या बाजूला बघतात. एकच लहान मुलगी समोर बघते."

"कोनाकडं?"

"आपल्याकडं."

"अन् दुसरा?"

"गोगँ."

"जोरानं."

"गोगँ! तो ठिपके देत नाही. सपाट रंग. बाहेरून काळी रेघ. रेघ आली की वस्तू संपली, पुढं दुसरी. त्याला सगळं वेगळं वेगळं हवं. जमीन लाल हवी तर लाल करतो, खरी कशी आहे विचारत नाही."

"अन् कोन चांगला दोघातून?"

"मला... मला ठरवता येत नाही."

"ठरव ना. सांग. दोघायचं सांग. नको थांबू."

मी सांगत राहिले. काय सांगितलं ते सगळं आठवत नाही. एकाला डोळ्यावर विश्वास होता, दुसऱ्याला आठवणीवर, असं काहीतरी. पहिल्याला बघणारा लांब उभा असलेला हवा, दुसऱ्याला चालेल कुठंही. मी डोळे हलवले नाहीत. आईच्या हातानं माझा घोटा घट्ट धरला होता. बसून बसून तिचा तोल जात असावा.

त्यानं मान वळवली. घाई नव्हती. वळला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांच्या मागे पांढरा ठिपका दिसला, काळ्यात बसवलेला, नेमका डोळ्यासारखा. तो जात होता आणि डोक्यामागून ते दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मग बांबू बंद झाले.

मी आणखी काही वेळ गोगँबद्दल बोलत होते.

"चाल," आई म्हणाली आणि उठली. मला पुढे घातलं, ती मागे राहिली. माझ्या कुर्त्याचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. ते तिनं बांध ओलांडल्यावर सोडलं. गावाजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं की टोपली तिथंच राहिली. आई आजवर काही विसरलेली मला आठवत नाही.

तिला मी काही सांगितलं नाही. कशाला घाबरवायचं.

बाबांनी विचारलं, "टोपली कुठी आहे?"

"पोरगी इतकं सांगून राहिली होती, आयकता आयकता राहून गेली," आई म्हणाली. चहा ओतताना तिच्या हातून अर्धा चुलीत सांडला. ताप परत आला की काय म्हणून मी कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

दुपारी ती म्हणाली, आता जायचं नाही, मोहा सरला. सरलेला नाही, झाडावर अजून आठवडाभराची फुलं आहेत. मी धुरपताबाईच्या झाडाचं विचारलं. "सबन गावानं पाहिलं मले त्या झाडाखाली. आता कोनी नाई घेत," ती म्हणाली.

घराबाहेर जाऊन टिकारामभाऊंना फोन केला, ठिकाण नीट सांगितलं, आईला कळू देऊ नका म्हणाले. ते म्हणाले, "हो, हो, समजलं आम्हाले. मानसं पाठवली." इतक्या लवकर कसं समजलं ते विचारायचं राहिलं.

आता लिहिताना दोनदा उठून कडी बघितली.

१४ एप्रिल

निबंध ईमेलनं पाठवला. जुना मसुदा बाजूला ठेवला. आईला सांगितलं तेच लिहिलं, त्याच क्रमानं, जेवढं आठवलं तेवढं. कोण श्रेष्ठ ते ठरवलं नाही. अक्षरं दोनदा तपासली.

आई अंगणात वाळलेली फुलं पसरत होती. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, काल मी इतकं बोलले, तुला काही समजलं होतं का?

"सबन समजलं," ती म्हणाली.

"काय समजलं?"

"तू थांबली नाई, थे."

मी चित्रांबद्दल विचारत होते.